डावीकडे कोण उभं आहे

“या बाईंनी सगळं अधिक-अधिक करून ठेवलंय. अधिक, अवतरणचिन्ह, रेघ, अवतरणचिन्ह, परत अधिक… हा प्रोग्रॅम आहे की काटेरी कुंपण?”

ही कुरकुर मी माझ्या दोन्ही कानांच्या आत ऐकली. सकाळी आल्या आल्या हेडफोन लावून माइक तपासायचा, ही माझी सतरा वर्षांची सवय. काचेपलीकडच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत त्या वेळी कुणी नसतं. त्या दिवशी मात्र एक माणूस पाठमोरा बसला होता, मांडीवर लॅपटॉप, आणि माझा माइक त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. त्याने श्वास सोडला तोही मला कळला. आवाज जरा खरखरीत होता, वाक्याच्या शेवटी एक पायरी खाली उतरणारा. चांगला होता. मी धंद्याने आवाज ऐकणारी बाई, खोटं कशाला बोलू?

‘या बाई’ म्हणजे मी.

मी बोलायचं बटण दाबलं. “काटे टोचले का कुठे?”

तो असा दचकला की लॅपटॉप पडता पडता वाचला. वळून त्याने आधी माइककडे पाहिलं, मग काचेतून माझ्याकडे. कानाच्या पाळ्या लाल होत गेलेला सेहेचाळीस वर्षांचा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता.

“टोचले,” तो म्हणाला. “पण कुंपण मजबूत आहे. नऊ वर्षांत एकदाही पडलेलं नाही. हेही मी म्हणणार होतो… तुम्ही थोडं आधी ऐकलंत.”

आमचा विभाग हॉस्पिटलच्या सगळ्यात शांत टोकाला आहे. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचं स्वरयंत्र काढावं लागतं, त्यांचा आवाज आम्ही आधी साठवून ठेवतो. तीनशे वाक्यं. ‘पाणी दे.’ ‘दिवा राहू दे.’ ‘माझा चष्मा कुणी उचलला?’ मग ती तळहाताएवढ्या यंत्रात घालून देतो. बटण दाबलं की माणूस स्वतःच्याच आवाजात चष्मा शोधतो. तीनशे वाक्यं झाली की पाच मिनिटं त्याची स्वतःची. तेव्हा मी हेडफोन काढून पाठ फिरवते. आजवर एकाचीही ती पाच मिनिटं मी ऐकली नव्हती.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. ‘आवाज जाणार’ असं कुणी म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात, “ऑपरेशननंतर बघू.” नर्स म्हणतात, “आधी बरे तर व्हा.” मी म्हणते, “जरा माइकच्या जवळ सरका.”

हे सगळे आवाज ‘कोठार’ नावाच्या एका जागी, ज्याच्या त्याच्या नावाखाली ठेवणारा प्रोग्रॅम माझा. मी मूळची टायपिस्ट. प्रोग्रॅम लिहायला शिकले ती वाचनालयातल्या एका पुस्तकावरून, ज्याची शेवटची चाळीस पानं कुणीतरी आधीच फाडून नेली होती. त्यामुळे त्या पानांपुढचं माझं ज्ञान फाटकंच आहे. हा माणूस तीन महिन्यांच्या करारावर आला होता, माझं कुंपण नव्या कॉम्प्युटरवर नीट बसवून द्यायला.

आता तीन महिने म्हणजे किती, तर दोन माणसांनी एकाच खिडकीत चहाचे कप ठेवायला लागावं इतके. त्याच्या कपाचा दांडा तुटलेला होता, त्यामुळे तो कप दोन्ही हातांत धरून प्यायचा, थंडी असो नसो. मी बोलत असले की तो टाइप करायचं थांबवायचा. ही गोष्ट छोटी वाटेल, पण माझ्या आयुष्यात माझ्यासाठी कुणी टाइप करायचं थांबवलेलं नव्हतं. घरी आई विचारायला लागली, तुमचा तो नवा माणूस जेवायला कुठे जातो. मी म्हटलं, मला काय माहीत. मला माहीत होतं. आणि आमच्या विभागाच्या मावशी, ज्या झाडतात कमी आणि बघतात जास्त, त्या आम्ही दोघं खिडकीशी असलो की बादली घेऊन आल्या पावली परत जायच्या.

त्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या सोमवारी त्याने मला रेकॉर्डिंगच्या खोलीत बोलावून पडदा दाखवला. माझी अधिकची चिन्हं गेली होती. जिथे वीतभर लांब ओळ होती, तिथे तीन शब्द आणि मध्ये दोन तिरक्या रेघा उरल्या होत्या. कोठार, रेघ, नाव, रेघ, वाक्य.

मी दोनदा वाचलं. “तुम्ही कोठाराला नावाने भागलंत?”

“वाटतं तसं,” तो म्हणाला. “बसा. आठला दोनने भागलं तर किती?”

“चार. शाळेत गेलेय मी.”

“का चार? रेघेमुळे नाही. डावीकडे आकडा उभा आहे म्हणून. रेघेला स्वतःचं काहीच येत नाही हो. ती फक्त डावीकडच्याला विचारते, हा तुझ्याशेजारी आलाय, याचं काय करू? आकडा म्हणतो, याने माझे भाग कर. आता डावीकडे आकडा नसून पाथ असेल, म्हणजे फाइलपर्यंत जायची वाट… तर तीच रेघ तिला तेच विचारते. वाट म्हणते, याला माझ्यापुढे जोड. आम्ही अजून थोडं पुढे जाऊ.”

त्याने बटण दाबलं. पडद्यावर कोठारापुढे नाव उमटलं, नावापुढे वाक्य. कुणीही तुटलं नव्हतं. उलट वाट लांबली होती.

ज्या रेघेला मी पहिल्या इयत्तेपासून कात्री समजत आले, ती इथे टाका घालत होती. आणि तिच्यात काही बदललं नव्हतं, एक केसभरही नाही. कुणीतरी केव्हातरी बसून वाटेला शिकवून ठेवलं होतं, की ही रेघ दिसली तर तू फाटू नकोस, वाढ. काय माणसं असतील ती? तो हसेल म्हणून मी डोळ्यांऐवजी चष्मा पुसायला घेतला. तो हसला नाही. पहिल्यांदा समजलं तेव्हा मीही खोलीत दोन चकरा मारल्या होत्या, म्हणाला.

“आणि डावीकडच्याला उत्तर आलंच नाही तर?” मी विचारलं.

“मग उजवीकडच्याला विचारतात. तुला जमतंय का? त्याला येत असलं तर तो सांभाळून घेतो.”

“आणि दोघांनाही नाही आलं तर?”

“दोन्हीकडे नुसते साधे शब्द असले की तसं होतं. दोघं आपापल्या जागी उभे, मध्ये रेघ. प्रोग्रॅम तिथेच थांबतो.”

“अशी लग्नं पाहिलीत मी,” मी म्हटलं.

“मी एक केलंही होतं,” तो म्हणाला.

बाहेर पाऊस लागला होता. आत त्याचा आवाज येत नाही, भिंतींना जाड गाद्या आहेत. नुसतं पाणी खिडकीच्या काचेवरून उतरताना दिसतं. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने पडद्याकडे. मग त्याने त्याचा दांडा नसलेला कप माझ्या बाजूला सरकवला. त्यात दोन घोट चहा उरला होता. मी प्यायले. बस, एवढंच झालं त्या दिवशी.

आणखी एक झालं, पण ते मी त्याला सांगितलं नाही. पेशंटच्या नावांची यादी फक्त मी उघडायची, असा विभागाचा नियम. त्याने ती कधीच पाहिली नव्हती. त्या यादीत मी प्रत्येक नावाच्या आधी एक तिरकी रेघ लावून ठेवलेली होती. जुन्या प्रोग्रॅममध्ये दर वेळी कोठार आणि नावाच्या मध्येही रेघ जोडायचा कंटाळा, म्हणून माझी ती जुगाडू युक्ती. सांगावं असं क्षणभर मनात आलं. मग ‘काटेरी कुंपण’ आठवलं. म्हटलं, जाऊ दे, शेवटच्या आठवड्यात आणखी हसं कशाला.

मंगळवार आणि बुधवार ड्रायव्हरकाकांचे. चौतीस वर्षं बस चालवलेला आणि तितकीच वर्षं संसार केलेला माणूस, तीनशे वाक्यं अशी बोलला जणू थांबे घेतोय. ‘पाणी दे’ म्हणून थांबायचा, आरशात बघावं तसं काचेतून माझ्याकडे बघायचा, मी मान हलवली की पुढचं. काकू बाहेर बाकावर बसून होत्या. दारातून डोकावून मला म्हणाल्या, “घरी एवढं कधी बोलले नाहीत हो. तुमच्या यंत्राला दाद द्यायला पाहिजे.” शेवटची पाच मिनिटं आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. गुरुवारी सकाळी त्यांचं ऑपरेशन झालं. ठरल्याप्रमाणे झालं.

शुक्रवार त्याचा शेवटचा दिवस. मोठ्या डॉक्टरांनी त्याला कायमचं राहण्याबद्दल विचारलं होतं आणि त्याने शुक्रवारी सांगतो म्हटलं होतं. शुक्रवारची दुपार उलटली तरी तो काही सांगत नव्हता, कुणी विचारतही नव्हतं. त्याची बॅग दाराशी होती. सगळे त्या बॅगेला वळसा घालून जात होते. मावशींनी तिच्याभोवती झाडलं, बॅग तेवढी तशीच ठेवून. मी सकाळपासून त्याच्याशी हवामानावर बोलत होते.

सव्वाचारला काकू आल्या. हातात रुमालात गुंडाळलेलं ते यंत्र. म्हणाल्या, ते जागे झालेत, हाताने खुणा करतायत, मला एक कळत नाही. त्यांचा आवाज भरून द्या यात.

मी कोठार उघडलं. काकांचं नाव नव्हतं.

पुन्हा उघडलं. मागच्या आठवड्यातली शिक्षिका होती, त्याआधीचा माळी होता, नऊ वर्षांची सगळी माणसं होती. काका नव्हते. काकूंना मी म्हटलं, जरा बसा, कॉम्प्युटर हळू आहे. माझ्या स्वतःच्या आवाजाला मी ओळखलं नाही.

तो माझ्या खुर्चीमागे येऊन उभा होता. त्याला एक शब्द सांगावा लागला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. हॉस्पिटलचा नियम असा, की दर शुक्रवारी पाच वाजता हा कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि कोठार सोडून इतर कुठेही कुणाचं काही राहिलं असेल तर पुसून टाकतो. पेशंटचं खासगी काही सांडून राहू नये म्हणून. ते थांबवणं आमच्या हातात नाही. काकांचा आवाज कोठाराबाहेर कुठे पडला असेल, तर पाच वाजता जाणार होता. आणि त्यांच्या घशात तो आता नव्हता.

“मी सोमवारी तपासून पाहिलं होतं,” तो हळूच म्हणाला. “स्वतःचं नाव टाकून. नीट कोठारात गेलं होतं.” मग त्याने विचारलं, “तुमच्या यादीत नावं कशी लिहिता?”

आता सांगावंच लागलं. मान वर न करता मी सांगितलं. प्रत्येक नावाच्या आधी एक रेघ. कंटाळा म्हणून. तुम्ही कुंपण म्हणालात म्हणून नंतर सांगितलं नाही.

मला वाटलं, आता वैतागेल. तो खाली गुडघ्यावर बसला, माझ्या डोळ्यांच्या पातळीला. त्याच्या चेहऱ्यावर वैताग नव्हता. तिथे तेच होतं जे सोमवारी माझ्या चेहऱ्यावर असणार.

“मग गेलेलं नाही,” तो म्हणाला. “ऐका. ज्या नावाच्या आधी रेघ असते, ते नाव वाटेला सांगतं, मी अगदी मुळापासून निघालोय, माझ्या मागे कुणी नाही. वाट त्याचा शब्द मानते. डावीकडचं सगळं सोडून देते, कोठार-बिठार सगळं, आणि त्याच्या मुळापासून नव्याने सुरू होते. तक्रारसुद्धा करत नाही. म्हणून आपल्याला कळलं नाही.”

“म्हणजे काका कुठेत?”

“सगळ्यांच्या आधी. कॉम्प्युटरच्या अगदी मुळाशी.”

तिथे मी नऊ वर्षांत कधी गेले नव्हते. तिथे जायचं कारणच पडत नाही. त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला, कारण पेशंटचं नाव मीच उघडायचं. कॉम्प्युटरचं मूळ सगळ्यात वर असतं; मी वर वर चढत गेले, एकेक घर मागे टाकत, आणि शेवटी जिथून पुढे वर काहीच नसतं तिथे, कॉम्प्युटरच्या स्वतःच्या अवाढव्य सामानाच्या मधोमध, ड्रायव्हरकाका एकटे बसले होते. आत तीनशे एक फाइली. एकही इकडची तिकडे नाही. कुणीतरी विचारायला येईल म्हणून दोन दिवस गप्प वाट बघत असल्यासारख्या.

मी घाईत दोनदा चुकीची कळ दाबली. त्याने हात लावला नाही, फक्त म्हणाला, “सावकाश. वेळ आहे.” मी तीनशे एक आवाज कोठारात उतरवले, मोजले, पुन्हा मोजले. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटं. मग यादीतल्या त्या नावाआधीची रेघ मी पुसली. मग बाकीच्या सगळ्या नावांआधीच्या.

“चूक माझी,” तो म्हणाला. “यादी न बघता चिन्ह बदललं. तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं.”

“मी सांगायला हवं होतं.”

“तुम्ही सांगितलं नाहीत कारण मी कुरकुर केली.”

“आणि माइक चालू होता,” मी म्हटलं. तेव्हा कुठे आम्ही दोघं श्वास घेऊन हसलो.

काकूंना आत बोलावलं. यंत्र भरून दिलं. त्यांनी ‘पाणी दे’चं बटण दाबलं आणि काकांनी पाणी मागितलं. त्या दचकून उठून उभ्या राहिल्या, जशा चौतीस वर्षं राहिल्या असतील. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “हे शेवटचं काय?”

मी म्हटलं, ते त्यांचं खासगी. घरी ऐका, एकट्या.

“एकटीला भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही दोघं थांबा.”

मी पहिल्यांदा पाठ फिरवली नाही. स्पीकरमधून आधी नुसता श्वास आला. मग काका बोलले, थांबे घेत.

“मी दारात आलो की तू विचारायचीस, आलात? मी म्हणायचो, हं. …रोज. हं. …हे लोक माझ्यासमोर म्हणत नाहीत, पण आवाज जाणार आहे, मला ठाऊक आहे. …हं-सुद्धा जाणार. …तर सांगून ठेवतो. मला तू फार आवडतेस. पहिल्यापासून. …बास. बंद कसं करायचं हे?”

त्या गाद्यांच्या खोलीतली शांतता मला पाठ आहे, पण ही तशी नव्हती. वाट लांबल्यासारखी वाटली मला, चौतीस वर्षं मागे आणि कितीतरी पुढे. काकूंनी यंत्र रुमालात गुंडाळलं, गाठ घातली, ती सोडून पुन्हा घातली.

“एवढे चार शब्द बोलायला हा माणूस ऑपरेशनपर्यंत थांबला,” त्या म्हणाल्या. डोळे पुसले, आणि दाराकडे जाताना त्या बॅगेपाशी थांबल्या. “ही कुणाची?”

तो म्हणाला, माझी.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बॅगेला वळसा घालून गेल्या. त्याही.

पाच वाजता पडदा काळा झाला आणि पुन्हा उजळला. कोठारात काका होते. आता फक्त नव्याने काही रेकॉर्ड करून ते नीट जागी जातंय का, एवढं बघायचं राहिलं होतं. नेहमी असं करताना तो आत बसतो आणि एक-दोन-तीन म्हणतो. त्या दिवशी मी म्हटलं, मी जाते.

मी आत गेले. दार लावलं. बाहेरचा पाऊस, मावशींची बादली, सगळं बंद झालं. काचेपलीकडे माझ्या खुर्चीत तो बसला, माझे हेडफोन त्याने कानांवर घेतले, हाताने खूण केली. लाल दिवा लागला. मी त्याच्या डावीकडे होते की उजवीकडे, हे काचेतून काही कळेना. दोन साधे शब्द, मध्ये एक काच. तो वाट बघत होता. माझा श्वास त्याला ऐकू जात असणार, दोन्ही कानांच्या आत.

“चाचणी,” मी म्हटलं. “एक… दोन…”

त्याने मान हलवली. पुढचं.

“तुम्ही जाऊ नका… तू जाऊ नकोस. मला तू आवडतोस.”